व्हीसीडी लागत नाहीत, डीव्हीडीत चौकोन दिसतात: दोष प्लेअरचा, डिस्कचा की नव्या टीव्हीचा?

वाशिष्ठीकाठची, चिपळूण

नमस्कार मंडळी. सासूबाईंकडे जुन्या मराठी नाटकांच्या नि कीर्तनांच्या व्हीसीडी-डीव्हीडींनी भरलेली पत्र्याची ट्रंक आहे. प्लेअर २००८-०९ च्या सुमाराचा. जुना डबा टीव्ही होता तोवर कुणाची तक्रार नव्हती. आता ४३ इंची फोर-के घेतला आणि सगळंच बिनसलं. माणसं आडवी सुटलेली दिसतात, चेहरे धुवट. नटाने हात हलवला की हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा. एक डीव्हीडी मध्यंतरानंतर चौकोन चौकोन होऊन अडकते. व्हीसीडी तर एकही लागत नाही, 'नो डिस्क' येतं. डीव्हीडी मात्र लागतात. आमच्या लग्नाची कॅसेट डीव्हीडीवर करून घेतली होती, तिच्यात खाली एक पट्टी सारखी फडफडत असते.

बाजारपेठेतला दुकानदार म्हणतो फेकून द्या. नवरा म्हणतो क्लीनर डिस्क आणू. सासूबाई म्हणतात जुना टीव्ही परत आणा. कुणाचं ऐकू?

बंद_शटर, सांगली

ताई, सासूबाईंचं ऐका, म्हणजे निम्मं तरी. सांगलीत माझं दुरुस्तीचं दुकान होतं, व्हीसीआरपासून डीव्हीडीपर्यंत. आता शटर ओढलंय, पण असा प्रश्न दिसला की हात शिवशिवतात.

व्हीसीडीचं चित्र मुळात ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, डीव्हीडीचं ७२० बाय ५७६. तुमचा टीव्ही ३८४० बाय २१६०. व्हीसीडीच्या एका ठिपक्यातून त्याला ऐंशीएक ठिपक्यांची जागा भरायची आहे, तो बिचारा कुठून आणणार? २१ इंची डब्यावर ही गरिबी झाकून जायची. त्यामुळे धुवटपणा पूर्ण जाणार नाही, कमी होईल. पिक्चर मोड 'व्हिव्हिड'वर असेल तर 'सिनेमा'वर न्या आणि शार्पनेस बराच खाली उतरवा. लोक उलटं करतात, मग चेहऱ्याभोवतीचा कचरा आणखी उठून दिसतो. माणसं रुंद दिसतात कारण जुन्या डब्याच्या मापाचं ४:३ चं चित्र नव्या टीव्हीच्या रुंद १६:९ मध्ये ताणलंय. प्लेअरच्या सेटअपमध्ये टीव्ही टाइप १६:९ ठेवा आणि अशा नाटकांना टीव्हीच्या रिमोटवरून ४:३ निवडा. बाजूला काळे पट्टे येतील, ते तसेच असायचे.

पिवळ्या पिनेची वायर लावली असणार. तिच्यातून उजेड आणि रंग एकत्र जातात, म्हणून लाल शालूच्या काठावर ठिपके सरकताना दिसतात. प्लेअरच्या मागे लाल-हिरवी-निळी भोकं असतील आणि टीव्हीला तशी सोय असेल तर त्या तीन वायरी लावा. पैशाच्या मानाने एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. चित्र कृष्णधवल आलं तर घाबरू नका, पिवळी पिन हिरव्या भोकात गेलीय किंवा प्लेअरचं आउटपुट बदललेलं नाही.

कंगव्याच्या रेघा: व्हिडिओ कॅमेरा सेकंदाला ५० अर्धी चित्रं घेतो, एकदा विषम ओळी, एकदा सम. जुनी पिक्चर ट्यूब तशीच आळीपाळीने रंगवायची. एलईडीला दोन अर्धी जोडावी लागतात आणि तेवढ्यात हात पुढे सरकलेला असतो. प्लेअरमधलं 'प्रोग्रेसिव्ह' (म्हणजे प्लेअरनेच अर्धी जोडून पाठवायची) चालू आणि बंद, दोन्ही करून बघा. काही डिस्कमध्ये मुळातच चुकीचं जोडून ठेवलंय, तिथे इलाज नाही.

लग्नाच्या डीव्हीडीतली पट्टी हा दोषच नव्हे. कॅसेटच्या प्लेअरमध्ये फिरत्या ड्रमवर दोन हेड असतात. एक सोडून दुसरं धरताना चित्राच्या तळाच्या काही ओळी विसकटतात. ट्यूबवाला टीव्ही चित्राची कड चौकटीबाहेर ठेवायचा, त्यामुळे ते कुणी कधी पाहिलंच नाही. नव्या टीव्हीत अशीच कड कापणारं 'ओव्हरस्कॅन' असेल तर चालू करा, जाईल.

आता व्हीसीडी. प्लेअरमध्ये लेन्स एक, पण लेझर दोन: डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल, सीडी-व्हीसीडीला ७८० चा, जो डोळ्याला दिसत नाही. एक चालतो नि दुसरा नाही म्हणजे बहुधा ७८० वाला थकलाय. कारागीर लेन्सच्या बाजूचा बारीक प्रीसेट, म्हणजे स्क्रूसारखी पिळायची खुंटी, पिळून लेझरचा करंट वाढवतात. डिस्क लागते, गिऱ्हाईक खूश, आणि काही दिवसांनी तोच लेझर कायमचा बसतो. तसं करू देऊ नका. आधी लेन्स पुसून बघा, नाहीच झालं तर लेझरसकट अख्खी लेन्स बदला. जुनीवरचा नंबर बघूनच नवी आणायची.

पुसायची रीत नीट वाचा. क्लीनर डिस्कचा ब्रश सुकी धूळ काढतो. उदबत्तीचा आणि फोडणीचा धूर बसून जो चिकट थर येतो तो त्याने जात नाही. प्लेअर देव्हाऱ्याजवळ असेल तर हमखास तोच असतो. प्लग काढून वरचं झाकण उघडा. पॉवर सप्लायच्या प्लेटला हात लावू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कानकाडी बुडवून झटका, नुसती ओलसर राहिली पाहिजे. लेन्स केसाएवढ्या तारांवर अधांतरी असते, टेकवली की खाली जाते. तिला दाबायचं नाही, काडीच्या वजनानेच मधून बाहेर एक फेरी द्यायची. मग कोरडी काडी. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर वापराल तर प्लॅस्टिकची लेन्स पांढरी पडेल.

मध्यंतरानंतर अडकणं: डिस्क आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे शेवटचा भाग कडेला, जिथे आपली बोटं लागतात. एकच डिस्क अडकत असेल तर डिस्क पुसा. सगळ्याच उत्तरार्धात अडकत असतील तर लेन्स ज्या दांडीवर सरकते तिचं ग्रीस वाळलंय. दोन थरांची डीव्हीडी एका ठरावीक जागी क्षणभर थबकते, तिकडे लक्ष देऊ नका.

डेक्कनवाला

एवढा खटाटोप कशाला? यूट्यूबवर सगळी नाटकं पडलीत.

बंद_शटर

सगळी नाहीत, साहेब. त्यांच्या लग्नाची डीव्हीडी तर नाहीच नाही.

घुबड_अभियंता

लेझरची शंका फुकटात तपासता येईल. लॅपटॉपच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये व्हीसीडी घाला, एमपीईजीएव्ही फोल्डरमधली डॅट फाइल व्हीएलसी या व्हिडिओ बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. चालली तर दोष तुमच्या प्लेअरचा. हाताशी आहे तोवर कॉपीही करून घ्या. व्हीसीडीत जास्त चित्र मावावं म्हणून डेटा सीडीवरचा चूक सुधारणारा एक थर गाळलेला असतो, त्यामुळे कॉपी करताना ती लवकर रुसते. ड्राइव्हचा वेग कमी करा. घरी राइट केलेल्या डिस्क आधी घ्या, त्यांचा रंगाचा थर उन्हाने उडतो.

वाशिष्ठीकाठची, चिपळूण

लॅपटॉपवर व्हीसीडी चालल्या! म्हणजे काकांचं निदान बरोबर. ४:३ केलं, माणसं माणसांसारखी दिसायला लागली. सासूबाईंना काळे पट्टे पसंत नाहीत, "एवढा मोठा टीव्ही नि वापरायचा निम्मा?" असं चालू आहे. आणखी एक विचारते. २२ जुलै २०२१ च्या पुरात खालच्या खोलीतली एक पिशवी पाण्यात होती. त्यातल्या डिस्कवर चिखल वाळून बसलाय. टूथपेस्ट लावू का?

बंद_शटर, सांगली

टूथपेस्ट दाताला लावा. आमच्या कृष्णेनेही असल्या पिशव्या पाठवल्यात, म्हणून सांगतो. वाळलेला गाळ म्हणजे वाळू, तो चोळला की ओरखडे पडतात. आधी साध्या पाण्यात भिजत ठेवा, गाळ आपोआप सुटू द्या. मग भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, बोटाने हलकेच, आणि वाहत्या पाण्याखाली धरा. सुकवायचं सावलीत, उभं. पुसायचं मऊ सुती कपड्याने मधून कडेकडे सरळ. गोल पुसलं तर ओरखडा डेटाच्या मार्गावरच जातो आणि प्लेअरला सावरता येत नाही.

चालवण्याआधी प्रत्येक डिस्क ट्यूबलाइटसमोर धरा. व्हीसीडीचा चंदेरी थर वरच्या, छापील बाजूला असतो, त्यावर फक्त वार्निश. तिथे सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तेवढी चांदी गेली, तो भाग परत मिळणार नाही. डीव्हीडीचा थर प्लॅस्टिकच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, त्या जास्त वाचतात, पण कडेने पांढरट झाल्या असतील तर आत पाणी शिरलंय. अशा आधी कॉपी करा. गाळवाली डिस्क प्लेअरमध्ये मात्र घालू नका, लेन्स नुकती पुसलीत ना?