वेढ्यातले मावळे आणि इस्त्रीचं सॅटिन: ऐतिहासिक नाटकाला ड्रेपरी (कपडे) भाड्यानंच आणायची का?

पेठेतला प्रेक्षक:
परवा आपल्याच कोल्हापुरातल्या एका हौशी संस्थेचं शिवकालीन नाटक बघितलं. कामं झकास. पण महिनाभर वेढ्यात अडकलेले मावळे आले ते कोऱ्या, चकचकीत सॅटिनच्या अंगरख्यात. सगळ्यांचे शेले एकाच रंगाचे, पायात करकर वाजणाऱ्या नव्या कोल्हापुरी. एक म्हणतो, "तीन दिवस पोटात अन्न नाही," तर मागनं आवाज, "पण धोब्याकडं जाऊन आलाय!" अख्खी रांग हसली, प्रवेश गेला.

आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवले ते याच गावात. भानू अथैय्या इथल्याच. 'गांधी'च्या वेशभूषेसाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळालं त्यांना. आणि आपण अजून दुकानातनं गठ्ठा उचलून आणतो. चारच पात्रं ठेवा, पण कपडे शिवून घ्या.

विंगेतला:
भावा, ऑस्कर काढलंस, पण त्या सिनेमामागं पैसा किती हुता? आमच्यात तालमीच्या चहाला वर्गणी काढावी लागतीया. भाड्याचा ड्रेस दुसऱ्या दिवशी परत जातो. शिवला तर शिलाई द्या, वर प्रयोग संपल्यावर ट्रंक ठेवायची कुणाच्या घरात? शेवटच्या रांगेतल्याला राजा कोण नि शिपाई कोण कळलं की झालं. सुती का सॅटिन, त्याला काय दिसतंय?

सुईदोरा:
त्यालाच आधी दिसतं. सॅटिनवर स्पॉटलाइट पडला की कापडच चमकतं आणि चेहरा मागं पडतो. पांढऱ्याशुभ्र कापडाचंही तेच, म्हणून आम्ही ते चहाच्या पाण्यात काढतो. पातेलंभर पाण्यात मूठभर पावडर उकळायची, गाळायची, थोडं मीठ. कापड आधी साध्या पाण्यात भिजवून घ्या, नाहीतर ठिपके उठतात. वाळलं की कोपर, गुडघे आणि घेराची कड पॉलिश पेपरनं घासायची, काखेत नि पाठीवर गेरूचा अगदी पातळ हात. इचलकरंजी शेजारी आहे, कोऱ्या मांजरपाटाचा भाव तरी काढून बघा.

आणि प्रेक्षकभाऊ, शिवून घ्या म्हणणं सोपं आहे. दोन प्रवेशांच्या मध्ये कपडे बदलायला अर्धं मिनिट मिळतं. अंगरख्याला बाहेरनं बांधायचे बंद आणि आतनं वेल्क्रो, हे आम्हाला करावंच लागतं. त्याला खोटं म्हणणार का?

फ्लॅटवाला:
कपडे मातकट केले आणि मागं एलईडी स्क्रीनवर गडाचा झगझगीत फोटो लावला, तर काय उपयोग? गड उजेडात, नट अंधारात.

विंगेतला:
एलईडीला नावं ठेवू नकोस. ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, मग मिळंल त्या हॉलात प्रयोग केले. तिथं लेव्हल, म्हंजे उंच चौथरे, मांडायला जागा न्हाई, फ्लॅट, म्हंजे रंगवलेल्या चौकटी, कुठं उभे करतोस?

जुनी बाल्कनी:
अस्सलपणाचं एवढं खूळ कशाला? बालगंधर्वांचे शालू बघायला लोक गर्दी करत. नाटक हा सोहळा आहे. मळकं बघायला तिकीट कोण काढेल?

पेठेतला प्रेक्षक:
बालगंधर्वांनी गाजवलेल्या 'मानापमान' नाटकाचंच घ्या की. भामिनी श्रीमंत, तिला शालू शोभणारच. पण तीच गरीब वनमाला होऊन नायक धैर्यधरासमोर जाते. तिथं जरीचा शालू उतरवला नाही तर नाटकच कोसळतं. भरजरीला माझा विरोध नाही. उपाशी मावळ्याला ती नको.

विंगेतला:
बरं, मावळ्यांचं मांजरपाट आणतो. चहा पावडर तेवढी संस्थेच्या खर्चात धरा. राजाचा ड्रेस मात्र भाड्यानंच येणार, त्यात बदल न्हाई.

सुईदोरा:
राजाचा खुशाल आणा. पण रेडीमेड फेटे आणू नका, टोपीसारखे बसतात. बांधणारा माणूस मी पाठवते.