युरोपचं 'चॅट कंट्रोल': मुलांसाठी सगळ्यांचेच मेसेज तपासायचे?

म्युनिककर (धागाकर्ता):
१४ ऑक्टोबर २०२५ ला युरोपीय संघाच्या मंत्र्यांपुढे येणारा 'चॅट कंट्रोल' म्हणजे मेसेज तपासणीच्या कायद्याचा विषय जर्मनीने पाठिंबा नाकारल्यावर बारगळला. मग तेव्हा मंत्रिपरिषदेचं अध्यक्षपद असलेल्या डेन्मार्कने तपासणीच्या सक्तीचं कलमच काढलं आणि २६ नोव्हेंबरला परिषदेने उरलेला मसुदा आपली भूमिका म्हणून स्वीकारला. आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर 'सुटलो!' म्हणून जल्लोष झाला. मला तो घाईचा वाटतो.

थोडक्यात प्रकरण असं. मे २०२२ मध्ये युरोपीय आयोगाने बाललैंगिक शोषणाविरुद्ध कायद्याचा प्रस्ताव आणला. आदेश निघाला की कंपनीने लोकांचे मेसेज तपासायचे, एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असलं तरी. पण असे मेसेज वाटेत कंपनीलाही वाचता येत नाहीत. मग तपासणी होणार कुठे? तुमच्याच फोनवर, मेसेज एन्क्रिप्ट व्हायच्या आधी. म्हणजे पाकीट चिकटवायच्या आत खांद्यावरून वाचणारा माणूस बसवायचा.

कुणावर संशय आहे म्हणून झडती घेणं वेगळं, आणि कुणावरच नाही म्हणून सगळ्यांची घेणं वेगळं. त्यात मधल्या मसुद्यांमध्ये सैन्य, पोलीस आणि राष्ट्रीय सुरक्षेसाठी सरकार वापरतं त्या सेवांना सूट होती. तपासणी इतकी निर्धोक, तर ही सूट कशाला?

मंजिरी_व:
मी बालशोषणाच्या खटल्यांत वकिली करते, त्यामुळे 'मुलांच्या नावाखाली' हा सूर ऐकला की डोकं फिरतं. नाव नाही, मुलं खरी असतात. डिसेंबर २०२० मध्ये युरोपचे गोपनीयतेचे नियम मेसेजिंगलाही लागू झाले, तेव्हा फेसबुकने तिथली ऐच्छिक तपासणी थांबवली. पुढच्या काही महिन्यांत युरोपातून अशा तक्रारी गोळा करणाऱ्या अमेरिकेतल्या केंद्राकडे जाणाऱ्या तक्रारी निम्म्याहून खाली आल्या. गुन्हे निम्मे झाले का? दिसायचे बंद झाले. म्हणून तर २०२१ मध्ये कंपन्यांना तपासणीसाठी घाईघाईने तात्पुरती सवलत द्यावी लागली.

म्युनिककर:
मंजिरीताई, तक्रार म्हणजे गुन्हा नव्हे. जर्मनीच्या केंद्रीय पोलिसांकडे २०२४ मध्ये अशा दोन लाखांवर तक्रारी आल्या, त्यातल्या जवळपास निम्म्या त्यांच्याच हिशेबात गुन्ह्यात बसत नव्हत्या. तेवढे निरपराध लोकांचे फोटो कुणीतरी उघडून पाहिले.

दोन_मुलांचा_बाप:
सॅन फ्रान्सिस्कोचा किस्सा आठवतोय का? बापाने डॉक्टरांसाठी पोराच्या सुजलेल्या जागेचा फोटो काढला, गूगलच्या यंत्रणेने तो शोषणाचा ठरवला. पोलिसांनी निर्दोष म्हटलं तरी अकाउंट परत मिळालं नाही. आमच्याकडे डायपर रॅशचा फोटो आधी आजीला जातो, मग डॉक्टरला. आता काय, आजीला पण वकीलपत्र द्यायचं?

मंजिरी_व:
इथे दोन गोष्टींची गल्लत होतेय. शोषणाच्या आधीच माहीत असलेल्या चित्राचा डिजिटल ठसा काढतात आणि तो यादीशी जुळवतात. तुमच्या बाळाचा फोटो त्या यादीत नसतोच. नवीन फोटो आणि संवाद ओळखणारं सॉफ्टवेअर अंदाज बांधतं, तिथे चुका होतात. त्या दुसऱ्या भागाला माझाही विरोध आहे. पण त्यासाठी पहिला का फेकून देता?

खडूस_आजोबा:
पूर्व जर्मनीत श्टाझी, म्हणजे तिथले गुप्त पोलीस, लोकांची पत्रं वाफेवर उघडायची. निदान पुन्हा नीट चिकटवायची तरी!

गणपुले:
आजोबा, दरवेळी श्टाझी आणू नका, त्याने चर्चा संपते. खरा मुद्दा असा की एन्क्रिप्शन न मोडताही पोलिसांना काम करता येतं. एन्क्रोचॅट बघा. २०२० मध्ये फ्रेंच पोलीस गुन्हेगारांच्या त्या एन्क्रिप्टेड फोनच्या नेटवर्कमध्येच घुसले. युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेच्या २०२३ च्या हिशेबात साडेसहा हजारांवर अटका.

मंजिरी_व:
गणपुले, हे उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. एन्क्रोचॅटचे साठेक हजार ग्राहक होते. प्रत्येकाच्या नावाने वॉरंट काढलं होतं की काय? सरसकट सगळ्या फोनवर हत्यार चालवलं आणि मग त्यातले गुन्हेगार वेचले. ते चालतं, आणि ठरावीक यादीशी जुळवणं मात्र हुकूमशाही?

म्युनिककर:
हे मात्र बिनतोड आहे. एन्क्रोचॅटचा पुरावा ग्राह्य धरायचा का, यावर युरोपातली न्यायालयं वर्षानुवर्षं भांडली ती उगाच नाही. तरी फरक उरतो. तो फोन घेणारे मुळात पोलिसांना चकवायला घेत होते असा संशय होता. माझ्या बायकोने सिग्नल हे एन्क्रिप्टेड मेसेजिंग ॲप घेतलं ते तिच्या बहिणीने घेतलं म्हणून. फेब्रुवारी २०२४ मध्ये रशियाच्या टेलिग्राम प्रकरणात स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयाने हेच सांगितलं: सगळ्यांचंच एन्क्रिप्शन दुबळं करणं लोकशाहीत समर्थनीय नाही.

नागपुरी_संत्रं:
आपल्याकडे २०२१ चे आयटी नियम आहेतच. मेसेज सगळ्यात आधी कुणी पाठवला ते सांगा म्हणे. व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, २०२४ मध्ये वकिलाने सांगितलं की एन्क्रिप्शन मोडायला लावलं तर आम्ही निघालो. त्यामुळे युरोपची काळजी वाहून झाली की घराकडेही बघा.

गणपुले:
सहमत, पण त्याला वेगळा धागा हवा. इथे 'ऐच्छिक' वर बोलू. नोव्हेंबरच्या मसुद्यात सक्ती नाही, पण कंपनीने स्वतःच धोका मोजायचा आणि तो कमी करायचे उपायही करायचे. म्हणजे तपासणी करत नाही म्हणाल तर तुमची सेवा जास्त धोक्याची ठरणार! शिवाय वय पडताळणीचा घोळ आहेच.

मंजिरी_व:
धोका मोजा म्हटलं तर त्यालाही हरकत? मग कंपनीने करायचं तरी काय? युरोपीय संसदेने २०२३ मध्ये सुचवलं ते बघा: संशयितांपुरती तपासणी, न्यायालयाचा आदेश, एन्क्रिप्टेड सेवा वगळून. ऐकायला छान. पण ज्याच्यावर अजून संशयच नाही त्याच्याकडचं मूल यात कुठे बसतं?

म्युनिककर:
बसत नाही. ती किंमत आहे, आणि ती मी मान्य करतोय. तुमची ती ठरावीक यादी कुणाच्या ताब्यात राहणार, तेवढं सांगा. आज शोषणाची चित्रं, उद्या त्यात काय घातलं हे मला कसं कळणार?

मंजिरी_व:
स्वतंत्र युरोपीय केंद्र आहे की आयोगाच्या मूळ प्रस्तावात. हेगमध्ये.

म्युनिककर:
युरोपोलच्या शेजारी!

मंजिरी_व:
कुठेतरी असणारच ना? पत्ता नका सांगू, कुठलं कलम खटकतं ते सांगा.