बेपत्ता फौजीच्या घरी जाऊन बोलायचं काय? अनुभव सांगा

७१ च्या लढाईतून परत न आलेल्यांची 'मिसिंग ५४' म्हणून यादी आहे, त्यात फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे आहेत. पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या नॅशनल चॅम्पियन, लग्नाला दोन वर्षं पण झाली नव्हती. २००७ मध्ये नातेवाईक पाकिस्तानातल्या जेलमध्ये शोधून आले, कुणी सापडलं नाही. माणूस गेला तर आपण कडू घास नेतो, दहाव्याला जातो. इथे तेही करता येत नाही. तुम्ही कुणी गेलायत अशा घरी?

---

आमचं गाव साताऱ्याकडे, घरटी एक फौजेत. आळीतल्या एका काकूंचे मिस्टर त्याच लढाईत, मिसिंग अशी तार आली बस. लोक यायचे, धीर धरा म्हणायचे आणि जाताना हळूच काकूंच्या कपाळाकडे बघायचे कारण त्या कुंकू लावत होत्या. संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायचं का नाही यावर बायकांची नुसती कुजबुज, शेवटी आमची आजी उठली न स्वतः बोलवायला गेली. हे आईकडून ऐकलेलं. पण मी मोठी झाल्यावर एकदा विचारलं, काका काय आवडीने खायचे हो, तर म्हणाल्या, "खायचे नाही गं, खातात. घेवड्याची भाजी." तेव्हापासून त्यांच्याशी बोलताना मी आधी क्रियापद सांभाळते.

---

'खातात'ला +१. आम्ही दापोलीकडचे, आजोबांचा धाकटा भाऊ नेव्हीच्या खुकरी बोटीवर. ९ डिसेंबरला दीवजवळ बुडाली, १९४ जण गेले, पण काही वाचले ना, पणजी तेच धरून बसली. बोट बुडाली हे कबूल, माझा पोर बुडताना कुणी बघितला? बारा वर्षांनी भटजी म्हणाले पळसाच्या पानांचा पुतळा करून विधी उरकू, तर म्हणाली करा, मी त्या दिवशी घरात थांबणार नाही. राहिलंच मग ते. मासेवाली मात्र यायची, टोपली उतरवून ओटीवर बसायची आणि विचारायची, पोहायला कुणी शिकवलं ओ त्याला? की पणजी तासभर सांगत बसायची.

---

मला बोलता येत नाही, वडिलांचं सांगतो. रिटायर्ड हवालदार, अशा एका वहिनींना पेन्शनच्या कामाला एसटीने घेऊन जायचे. फॉर्मवर 'विधवा' छापलेलं, त्या सही करेनात. वडिलांनी ते खोडून वर 'पत्नी' लिहिलं. क्लार्कने फॉर्म परत केला, असं तीनदा. चौथ्यांदा घेतला. त्या दिवशी म्हणे दोघांनी स्टँडवर भजी खाल्ली.