घरात एकामागोमाग एक सगळे उलट्या-जुलाबानं आडवे पडतायत, थांबवायचं कसं?

शुक्रवारपेठेतली_सून

नमस्कार मंडळी. रात्रीचा दीड वाजलाय, पोटात कळा यायला लागल्यात आणि झोप लागंना म्हणून टाईप करत बसलेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मंगळवारी आमची पोरगी (सहा वर्षांची) शाळेतनं आली ती मलूल होऊनच आणि रात्री पाच वेळा उलटी, त्यातली एक थेट वाकळेवर. बुधवारी रात्री सासूबाईंना जुलाब सुरू झाले पण त्यांनी कुणाला सांगितलंच नाही, गुरुवारी सकाळी उठून नेहमीसारख्या सगळ्यांच्या भाकरी थापल्या, विचारलं तर म्हणल्या मला काय झालंय, जरा हातापायात बळ नाही एवढंच. शुक्रवारी दीर. आज दुपारपास्नं मी, आणि आमचे मिस्टर पण मघापास्नं पोट धरून बसलेत. दिराचं म्हणणं सगळा घोळ रविवारच्या मिसळीचा, कट जास्त झाला म्हणून बाधली.

जुनं घर आहे, आठ माणसं, संडास एक आणि न्हाणी एक. अजून न पडलेले तिघंच, जाऊबाई, त्यांचं अकरा महिन्यांचं बाळ आणि सासरे (74 वय, शुगर आणि बीपी दोन्ही). मला ह्या तिघांचीच काळजी लागलीय. फिनेलनं रोज फरशी पुसतोय, कोरोनातली उरलेली सॅनिटायझरची बाटली संडासाच्या दारात ठेवलीय, कापूर पण जाळून झाला. पाच दिवस पावसानं उघडीप नाही त्यामुळं वाकळ अजून ओलीच, अख्ख्या सोप्याला वास येतोय. अजून काय करू?

भडंगवाला_भाऊ

वैनी आधी शेजारी विचारा की गल्लीत अजून कुणाकुणाला होतंय. चार घरात एकदम झालं असलं तर नळाचं पाणी, पावसाळ्यात कुठंतरी पाईप लीक असतीय आणि त्याच्याशेजारनंच गटार गेलेलं असतंय. तसं असलं तर महापालिकेच्या आरोग्य विभागाला फोन करून ओटी टेस्ट करायला लावा, नळाच्या पाण्यात ते औषध टाकलं की पिवळा रंग आला पायजे, नाही आला म्हणजे पाण्यात क्लोरीनच शिल्लक नाही. कोल्हापुरातल्या 2019 च्या महापुरात उपसा केंद्रं बुडाली आणि टँकरचं पाणी प्यायची वेळ आली तेव्हापास्नं आमच्यात उकळल्याशिवाय पाणी कोण तोंडाला लावत नाही. आणि उकळायचं म्हणजे बुडबुडे खळखळ यायला पायजेत, नुसतं कोमट करून उतरवायचं नाही.

शुक्रवारपेठेतली_सून

विचारलं, गल्लीत कुणालाच नाही. फक्त आमच्यातच.

निवृत्त_सिस्टर

सूनबाई, मी तीस वर्षं वॉर्डात काढलीत त्यामुळं जरा स्पष्ट लिहिते, राग मानू नका.

मिसळीला उगाच बदनाम करू नका. खाण्यातनं बाधलं असतं तर ज्यांनी खाल्लं ते सगळे थोड्याफार तासांच्या फरकानं एकदमच पडले असते. तुमच्यात एक मंगळवारी, एक बुधवारी, एक शुक्रवारी, तुम्ही शनिवारी. हे अंतर ठेवून पडणं म्हणजे एकाकडनं दुसऱ्याला जाणं, आणि शाळेतनं पोरानं आणलेला पोटाचा विषाणू असाच फिरतो. नोरोव्हायरस असला तर अंगात गेल्यापास्नं 12 ते 48 तासात उलट्या-जुलाब सुरू होतात. आता मला सांगा, मंगळवारी रात्री ती वाकळ कुणी साफ केली? माझा अंदाज सासूबाईंनी, आणि हातानंच.

सॅनिटायझरच्या भरवशावर राहू नका. कोरोनाच्या विषाणूवर चरबीचं वेष्टन होतं ते अल्कोहोलनं फुटायचं, ह्या नोरोला ते वेष्टनच नाही, त्यामुळं ती बाटली दारात असून नसल्यासारखी आहे. साबण आणि वाहतं पाणी, 20 सेकंद, नखांच्या बेचक्यात आणि अंगठ्याला पण. फिनेलनं वास मरतो, विषाणू मरेल ह्याची खात्री नाही.

आता खरी गोम सांगते. तुमच्या संडासात साबण आत आहे का बाहेर न्हाणीत? जुन्या घरात बाहेरच असतोय. म्हणजे माणूस आत बसला, धुतलं, त्याच हातानं टमरेल उचललं, नळाची चावी फिरवली, आतली कडी काढली, दार ओढून घेतलं, न्हाणीची कडी काढली आणि मग साबणाला हात लावला. हात स्वच्छ झाले हो, पण टमरेलाची मूठ, चावी आणि दोन कड्या तशाच राहिल्या आणि पुढचा माणूस तिथंच हात लावणार. त्याचे हात धुऊन झाल्यावर तो परत तीच न्हाणीची कडी लावून बाहेर येणार. फरशी दिवसातनं चार वेळा पुसताय आणि कडी महिन्यातनं एकदा पण नाही. फरशीला कोण तोंड लावतंय?

साबण आत ठेवा, शक्यतो दाबायची बाटली, वडी नको. आणि कडी, चावी, टमरेल, बटणं, फ्रीजचं हँडल, मोबाईल (हो, तुम्ही आत्ता टाईप करताय तो पण) दिवसातनं दोनदा पुसा. मोबाईलला साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं पुरं. बाकीच्याला ब्लीच. किराणा दुकानात सोडियम हायपोक्लोराइट मिळतंय, बाटलीवर 4-5 टक्के लिहिलेलं असलं तर लिटरभर पाण्यात 25 ते 30 मिली. ब्लीचिंग पावडर असली तर ताज्या पाकिटातला सपाट चमचाभर लिटरला, उघडी पडलेली जुनी पावडर असली तर तिच्यात दम नसतोय. रोज नवीन करायचं, लावून दहा मिनिटं तसंच सोडायचं आणि मग पाण्यानं पुसायचं. एक गोष्ट लाल अक्षरात लिहिल्यासारखी वाचा, संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र करू नका. विषारी वायू निघतो आणि त्या कोंदट जागेत माणूस तिथंच पडेल. ॲसिड वापरून झालं असलं तर आधी भरपूर पाणी ओतून घ्या.

उलटी झाली तर लगेच फडकं घेऊन पळायचं नाही. पोरांना लांब न्या, तोंडाला मास्क, हातात ग्लोव्हज किंवा नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या, आधी वरनं जुना पेपर टाका म्हणजे शिंतोडे उडत नाहीत, पेपरावर ब्लीचचं पाणी, दहा मिनिटं थांबा आणि मग सगळं उचलून पिशवीत गाठ मारून बाहेर. वाकळ झटकायची नाही. वरचं काढून गरम पाणी आणि पावडरीत वेगळी भिजवा, बाकीच्या कपड्यात घालू नका, आणि वाळेपर्यंत कुणाच्या अंथरुणात नको. आजारी माणसाला सध्या चादर आणि खाली प्लास्टिकचा कागद, वाकळ नकोच.

बाळाचं दूध बंद करू नका, अंगावरचं चालूच ठेवायचं. बाळाला रोटाव्हायरसचे डोस झालेत का बघा, 6, 10 आणि 14 आठवड्याला असतात, कार्डावर लिहिलेलं असतंय. त्यानं नोरो थांबत नाही पण रोटा तरी जोरात होत नाही. आणि बाळाचं सगळं जाऊबाईंनीच करायचं, आत्या, आजी, काका सगळ्यांचे मुके बंद.

बावड्याचा_पैलवान_रिटायर्ड

सिस्टरांनी सगळं लिवलंय, मी फक्त स्वयंपाकाचं बोलतो कारण आमच्यात तिथंच मार खाल्ला. आई बरी झाली म्हणून दुसऱ्या दिवशी लगेच चुलीपुढं बसली, दोन दिवसात मी आणि धाकटा भाऊ गार. डॉक्टर म्हणले जुलाब थांबल्यावर पण 48 तास त्या माणसानं दुसऱ्याचं जेवण करायचं नाही, आणि विषाणू तर त्याच्यापुढं पण दोन-दोन आठवडे शौचातनं पडत असतोय, त्यामुळं हात धुवायचं बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही. भाकरी तव्यावर भाजतीय ते खरं, पण भाजून झाल्यावर तीच हातानं टोपल्यात टाकतोय, तीच मोडून लेकराला देतोय, कांदा कापतोय, कोशिंबीर कालवतोय, ते कुठं भाजतंय?

आणि माठ! आमच्यात ग्लास बुडवून पाणी घ्यायची सवय, चार बोटं पाण्यात. ओगराळं आणलं बाजारातनं, पन्नास-साठ रुपयात काम झालं. नाहीतर नळ असलेलं पिंप.

शुक्रवारपेठेतली_सून

सिस्टर, अंगावर काटा आला. वाकळ आत्तींनीच (सासूबाईंनी) साफ केली, हातानंच, आणि साबण बाहेरच आहे. कड्या पण दोन आहेत, तुम्ही आमचं घर बघितल्यागत लिहिलंय.

पण आत्तींना स्वयंपाकघरातनं उठवायचं कसं? चाळीस वर्षं त्या चुलीपुढं दुसरं कोण बसलेलं नाही. मी काय बोलले तर म्हणतील हिला माझ्या हातची किळस यायला लागली. आणि मिस्टर म्हणतायत ओआरएस-बिओआरएस काय नको, सकाळी जाऊन दोन सलाईन लावून येऊ, एकदम ताकद येईल.

निवृत्त_सिस्टर

सलाईनचं हे खूळ कोल्हापुरातनं कधी जायचं देव जाणे. माणूस तोंडानं पिऊ शकतोय तर सुई कशाला? 1971 च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचं पाणी पिंपात कालवून लोकांना प्यायला दिलं आणि हजारो माणसं वाचली. कॉलऱ्यात चाललं ते तुमच्या मिस्टरांना चालंल.

पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं बघून घ्या, एक लिटरचं अख्खं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, अर्धं पाकीट ग्लासात असं नाही. 24 तासांनी उरलेलं ओतून टाका. मेडिकलमध्ये फळांचे फोटो असलेले गोड डबे मिळतात ते ओआरएस नव्हेत, 2025 च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयनं (केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्यानं) त्यांना ते नाव वापरायला बंदी केलीय. पाकीट नसलं तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि मग चमच्या-चमच्यानं. पोरीला प्रत्येक जुलाबामागं 100 ते 200 मिली. जुलाब थांबवायच्या गोळ्या पोरांना अजिबात नाहीत, आणि अँटिबायोटिकनं विषाणू मरत नाही. झिंक पाच वर्षांपर्यंतच्या लेकरांना 14 दिवस असतंय, तुमची पोरगी सहाची आहे, तिला लागतंय का ते डॉक्टरांना विचारा, चालू केलं तर जुलाब थांबले तरी कोर्स पुरा.

सासऱ्यांना सुरू झालं तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, कारण शुगर-बीपीच्या काही गोळ्या अंगातलं पाणी कमी असताना जड जातात. मनानं बंद मात्र करू नका. आणि कुणाचंही शौचातनं रक्त, सात-आठ तास लघवी नाही, डोळे खोल, बाळ रडताना पाणी येईना, नाहीतर हाक मारली तरी गुंगीत, नाहीतर भाताच्या पेजेसारखे पांढरे जुलाब एकसारखे, ह्यातलं काय दिसलं की घरगुती सगळं बाजूला ठेवून सरळ दवाखाना. तिथं सलाईन लावली तर मी काय बोलणार नाही.

बावड्याचा_पैलवान_रिटायर्ड

आत्तींचं असं करा, किळस-बिळस शब्दच काढू नका. स्वयंपाक करू नका असं त्यांना तोंडावर सांगायला जमणार नाही, त्यापेक्षा सांगा डॉक्टरांनी तुम्हाला दोन दिवस वाऱ्यात, धगीपुढं बसायला बंदी केलीय, अशक्तपणा आहे. धगीपुढं म्हणलं की गप बसतात, अनुभव आहे. दोन दिवस जाऊबाईंनी खिचडी टाकायची, दिरानं भांडी. दीर हायच की, मिसळीवर एवढं बोलतोय तर भांडी पण घासू दे.

शुक्रवारपेठेतली_सून

आज आठवा दिवस. मिस्टर पडले (ते ठरलेलंच होतं), जाऊबाईंना एक दिवस नुसती मळमळ, बाळ आणि मामा (सासरे) दोघांना काय झालं नाही. धगीचा डाव बरोबर बसला. आत्ती दोन दिवस सोप्यात बसून कुणी न्हाणीतनं बाहेर आलं की हाताचा वास घेऊन बघत होत्या, साबणाचा वास नाही आला की परत आत. दिरानं तर एकदा नुसता साबण चोळून वास दाखवला, पाणी लावलंच नव्हतं, मग जे ऐकून घेतलंय त्यानं.

एकच घोळ झाला, न्हाणीची कडी पुसताना ब्लीचचं पाणी आत्तींच्या इरकलीवर उडालं, पदराजवळ बोटाएवढा डाग पडलाय. लिंबू लावून बघितलं, जाईना. कुणाला उपाय माहीत आहे का?

निवृत्त_सिस्टर

डाग नव्हे ओ तो, रंगच गेलाय.

भडंगवाला_भाऊ

मिस्टरांनी सलाईनचे पैसे वाचवलेत न्हवं, त्यात नवी इरकल येतीय का बघा.