नाट्यसंगीतातील नवेपण नेमके कोठे होते?

तिहाई (प्रश्न):
जुन्या संगीत नाटकांतील पदांच्या मूळ चाली शोधण्याचा छंद मला काही महिन्यांपूर्वी लागला. पण जितके शोधावे तितका गोंधळ वाढत चालला आहे. ‘शाकुंतल’ आणि ‘सौभद्र’ या नाटकांतील साक्या-दिंड्या (गेय पद्यप्रकार) कीर्तनातल्या आहेत, काही चाली लावणीच्या, काही कर्नाटकाकडच्या, तर काही सरळ रागदारीतल्या चिजांवर (बंदिशींवर) बेतलेल्या आहेत. सारा ऐवज आधीपासूनच घरात असेल, तर ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले तेव्हा एक नवा संगीतप्रकार जन्मला, असे आपण कशाच्या आधारावर म्हणतो?

जुना प्रेक्षक:
चाली जुन्याच होत्या. बदलला तो गाणारा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, त्या परंपरेत पदे म्हणण्याचा भार मुख्यतः सूत्रधारावर असे. तो प्रसंग गाऊन सांगे आणि पात्रे बहुधा आयत्या वेळी सुचेल ते बोलत. ‘शाकुंतल’ आणि ‘सौभद्र’ लिहिणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी संवाद लिहून काढले आणि पद पात्राच्या तोंडी दिले. वरवर पाहता ही केवळ रंगमंचावरची सोय वाटते, परंतु कीर्तनकाराच्या तोंडची दिंडी कथा पुढे नेते, तर तीच दिंडी ‘सौभद्र’ची नायिका सुभद्रा म्हणू लागली की ती तिच्या मनाची तगमग होते. मग कोणत्या शब्दावर थांबायचे, कोणता स्वर लांबवायचा, हे सारे कथेऐवजी त्या पात्राची मनःस्थिती ठरवू लागते. शिवाय नाटकमंडळीला नट निवडताना आधी गळा पाहणे भाग पडले. नट भाऊराव कोल्हटकरांनी रंगवलेल्या सुभद्रेची कीर्ती झाली ती याच व्यवस्थेमुळे.

सुरपेटी:
वरील म्हणणे मला निम्मेच पटते. १८८० साली संगीत नाटक घडले. पण आज मैफलीच्या शेवटी आपण ज्याची फर्माईश करतो ते नाट्यसंगीत त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी आकाराला आले. मधल्या काळात श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘वीरतनय’मध्ये (१८९६) पारशी रंगभूमीच्या वळणाच्या चाली आणल्या. पुढे ‘मानापमान’साठी (१९११) गोविंदराव टेंब्यांनी पूरबी ठुमरी-दादऱ्याच्या ढंगावर पदे बांधली. ‘स्वयंवर’मध्ये (१९१६) भास्करबुवा बखल्यांनी तर ख्यालाचा ऐवजच नाटकात आणला. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांची तालीम मिळालेल्या त्या गवयाला यमन किंवा बिहाग काही मिनिटांत, कथानक न थांबवता उभा करायचा होता. म्हणून लांबलचक आलापी गेली, मुखडा (पदाची सुरुवातीची ओळ) अधिक रेखीव झाला आणि तान शब्दाच्या आश्रयाने येऊ लागली. माझ्या मते खरे नवेपण या आटोपशीरपणात आहे. अर्थात ‘वन्स मोअर’ने तो आटोपशीरपणा पुष्कळदा धुळीस मिळवला, ही गोष्ट वेगळी!

तिहाई:
म्हणजे आधी गाणाऱ्याची जागा बदलली आणि नंतर वेळेच्या बंधनाने गाण्याचा घाट बदलला, असे दोन टप्पे मानावे लागतील. मग भावगीताचे काय? त्यालाही हाच न्याय लावता येईल का?

जुना प्रेक्षक:
बऱ्याच अंशी येईल. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात केशवराव भोळ्यांनी मोजकीच पदे, तीही प्रसंगाला धरून ठेवली, आणि विस्ताराला जवळजवळ रजा दिली. त्याच सुमारास तीन-सव्वातीन मिनिटांची ग्रामोफोनची तबकडी घरोघर पोहोचत होती. तिच्यात कविता मावायची तर ताना वगळाव्याच लागत. सुरपेटी यांचा वेळेचा मुद्दा इथे अधिक चपखल बसतो, हे मी मान्य करतो.

सुरपेटी:
एक पुरवणी जोडतो. १९६४ साली ‘मत्स्यगंधा’ हे नाटक आले तेव्हा जितेंद्र अभिषेकींनी गाजलेल्या चिजेवर शब्द बसवण्याची जुनी रीत बाजूला ठेवून पदांना स्वतंत्र चाली दिल्या. तिहाई यांनी त्या पदांच्या मूळ चिजा शोधायला घेतल्या, तर त्यांच्या हाती फारसे काही लागणार नाही.