मदत हवी आहे: 'आधी स्वतःचं घर बघा' याला वादविवादात काय उत्तर द्यावं?

नमस्कार मंडळी,

मी ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवते. वादविवाद मंडळही माझ्याकडेच आहे (दुसरं कोणी घेईना म्हणून). यंदाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा विषय: "स्वतःच्या देशात मानवी हक्कांची पायमल्ली करणाऱ्या राष्ट्राला इतरांवर टीका करण्याचा अधिकार नाही." आमची चिठ्ठी प्रतिकूल निघाली, म्हणजे अधिकार आहे असं आम्ही सांगायचं. अनुकूलवाले 'आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून' इथूनच सुरू करणार, पैज लावते.

अमेरिका-चीन सगळेच घेतील. अमेरिका दरवर्षी जगाच्या मानवी हक्कांवर अहवाल काढते, चीन उलट अमेरिकेवर अहवाल काढतो. परीक्षकांचे कान त्याने किटलेत. म्हणून आम्ही १९४६ घेतलं.

जून १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेने भारतीयांनी कुठे जमीन घ्यायची, कुठे राहायचं यावर बंधनं घालणारा कायदा केला. लोक त्याला 'घेटो अ‍ॅक्ट' म्हणत. डर्बनमध्ये सत्याग्रह सुरू झाला. भारताने व्यापार तोडला आणि प्रकरण संयुक्त राष्ट्रांत नेलं. आपण तेव्हा स्वतंत्रही नव्हतो, हंगामी सरकार होतं. शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित, सोबत मुंबईचे बॅ. छागला. समोर पंतप्रधान यान स्मट्स. गंमत अशी की संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या उद्देशिकेचा पहिला मसुदा याच स्मट्स यांचा, आणि मानवी हक्कांचा उल्लेख त्यातलाच! त्यांचा बचाव: सनदेचं कलम २(७), हा आमचा अंतर्गत मामला आहे. शिवाय त्यांच्या बाजूने भारताच्या जातिव्यवस्थेकडे आणि दंगलींकडे बोट दाखवलं गेलं. ८ डिसेंबरला मतदान झालं: भारताच्या बाजूने ३२, विरोधात १५, तटस्थ ७. दोनतृतीयांश लागत होती, मिळाली.

मुलांना वाटलं, झालं आपलं काम. पण आमच्या गटातली जी मुलगी दुसरी बोलणार आहे तिने तालमीत दोन प्रश्न विचारले आणि मी गप्प झाले.

पहिला: "मॅडम, त्या डिसेंबरात पंढरपुरात दलितांना विठोबाचं दर्शन मिळत होतं का?" नव्हतं. साने गुरुजींचं उपोषण मे १९४७ मधलं, दार त्यानंतर उघडलं.

दुसरा जास्त अवघड. २००१ मध्ये वंशभेदाविरुद्धची जागतिक परिषद भरली, तीही डर्बनमध्येच. दलित संघटना तिथे गेल्या, जातिभेदाची नोंद घ्या म्हणाल्या. भारत सरकारने कसून विरोध केला आणि अंतिम जाहीरनाम्यात जात आलीच नाही. "मग आपण स्मट्सच झालो ना?" असं तिचं म्हणणं.

याला काय उत्तर द्यावं? २००१ बद्दल गप्प बसावं आणि कोणी विचारलं तरच बोलावं, की उदाहरणच बदलावं? स्पर्धा पुढच्या आठवड्यात आहे. जाणकारांनी कृपया मदत करा. राजकीय पक्षांचा आखाडा करू नये ही विनंती.

प्रतिसाद १

ताई, उदाहरण अजिबात बदलू नका, सोनं हाती लागलंय.

स्मट्सच्या बाजूचं बोलणं खरं होतं, पण ते उत्तर नव्हतं. पंढरपूरचं दार बंद होतं म्हणून डर्बनमधल्या माणसाला घर घ्यायची परवानगी मिळत नाही. टीका खरी की खोटी हे डर्बनला जाऊन बघायचं, टीका करणाऱ्याच्या घरी जाऊन नाही. आणि निष्कलंक राष्ट्रच बोलणार असेल तर त्या सभागृहात ५४ पैकी किती खुर्च्या भरल्या असत्या? एकही नाही.

प्रतिसाद २

वरच्याशी अर्धाच सहमत. ऐकायला बरं वाटतं, पण व्यवहारात बोलणारा कोण याने फरक पडतो. टीका एकटी येत नाही, तिच्या मागून निर्बंध येतात, कधी विमानं येतात. बलाढ्य देश मित्राच्या तुरुंगांकडे कानाडोळा करतो आणि शत्रूचे तुरुंग मोजतो, तेव्हा संशय घ्यायलाच हवा. 'टीकेचा अधिकार' आणि 'शिक्षेचा अधिकार' वेगळे ठेवा, नाहीतर अनुकूल बाजू इराक काढून तुम्हाला झोपवेल.

२००१ बद्दल: सरकारची बाजूही नीट मांडा. जात म्हणजे वंश नव्हे, आणि घटनेने अस्पृश्यता कलम १७ ने आधीच बंद केली आहे, असं म्हणणं होतं. पैकी पहिला मुद्दा आंद्रे बेते यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञानेही मांडला होता. सगळंच ढोंग नव्हतं.

प्रतिसाद ३

जात वंश नाही हे मान्य. पण डर्बनला गेलेल्यांना मानववंशशास्त्राचं प्रमाणपत्र नको होतं, नोंद हवी होती. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनीच दिल्लीत जाहीरपणे अस्पृश्यतेची तुलना वर्णभेदाशी केली. त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्याकडे खैरलांजीचं दलित हत्याकांड घडलं. हे दोन्ही तुमच्या मुलीला माहीत असू दे.

आता महत्त्वाचं. १९४६ चा अजून एक धागा तुमच्याकडून सुटलाय. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं. तिकडच्या कृष्णवर्णीयांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं त्यांच्या वाचनात आलं होतं. त्याच्या प्रती मागवल्या आणि लिहिलं की भारतातले अस्पृश्यही त्याच वाटेने जायच्या विचारात आहेत. डू बॉइस यांनी ३१ जुलैला उत्तर पाठवलं. म्हणजे भारत डर्बनचं गाऱ्हाणं न्यूयॉर्कला नेत होता त्याच सुमारास आंबेडकर भारताचं गाऱ्हाणं तिथेच न्यायचा विचार करत होते. भारताची तोंडं बंद करा असं त्यांचं म्हणणं नव्हतं, आमचंही ऐका असं होतं. माझ्या मते तुमचं उत्तर इथे आहे.

प्रतिसाद ४

टीका करणाऱ्यालाही टीका कशी सुधारते, याचं एक उदाहरण देतो. १९५७ मध्ये घानाचे अर्थमंत्री ग्बेडेमा अमेरिकेत डेलावेअर राज्यात रस्त्यावरच्या एका हॉटेलात संत्र्याचा रस घ्यायला थांबले. काळ्या माणसाला इथे बसून पिता येणार नाही, असं सांगितलं गेलं. बातमी जगभर गेली आणि आयझेनहॉवरना त्यांना व्हाइट हाउसमध्ये न्याहारीला बोलवावं लागलं. सोव्हिएत रशिया स्वतः छळछावण्या चालवत असताना अमेरिकेतल्या वर्णद्वेषावर बोलायचा. दांभिकपणा होताच. पण शाळांमधल्या वर्णभेदाच्या खटल्यात १९५२ मध्ये अमेरिकी सरकारनेच कोर्टाला लिहून दिलं की या भेदभावामुळे परदेशात आपली नाचक्की होते. दांभिकाचा टोमणाही कामी येतो तो असा.

अवांतर: घंटा किती मिनिटांना आहे? एवढं सगळं मावणार नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. घंटा सहाव्या मिनिटाला, सातव्याला खाली बसायचं. त्यामुळे ग्बेडेमा यांचा रस खंडनासाठी राखून ठेवलाय, मुलांना तो भलताच आवडला.

काल तालीम घेतली. २००१ झाकायचं नाही, ती मुलगी स्वतःच काढणार आहे, तेही पहिल्या मिनिटात. मांडणी साधारण अशी: १९४६ मध्ये भारत बोलला ते बरोबर, त्याला जातीवरून टोकलं तेही बरोबर. चूक होती ती 'अंतर्गत मामला' म्हणून दार लावून घेण्यात, स्मट्सनी लावलं तेव्हाही आणि आपण डर्बनमध्ये लावलं तेव्हाही. मग आंबेडकरांचं पत्र. प्रतिसाद २ मधला टीका आणि शिक्षा हा फरक पहिला वक्ता घेणार, कारण इराक येणार हे नक्की. (बेतेंचा मुद्दा तिला पटलेला नाही, पण विचारलं तर सांगेन म्हणाली.)

आमच्या एका सहकाऱ्यांचं मत असं की परीक्षकांना 'देशाची बदनामी' वाटेल, गुण जातील. मी म्हटलं, जाऊ देत. मुलीचंही तेच म्हणणं आहे.

अजून एक मदत: आंबेडकर-डू बॉइस पत्रव्यवहाराचा चांगला मराठी अनुवाद कुणाकडे आहे का? मी केलेला भाषणात वाचताना अडखळतो आहे. शुक्रवारपर्यंत मिळाला तर बरं होईल.