प्रतिसाद: एका डिशवर चार टीव्ही
चार खोल्यांतले चार टीव्ही एका डिशवर कसे चालवावेत, या प्रश्नावर वर एकाने एकच डिश पुरेशी आहे, तिच्या केबलवर स्प्लिटर लावावा, असे लिहिले आहे. त्यातले एकच डिश पुरेशी असल्याचे म्हणणे योग्य आहे. मात्र साध्या एलएनबीच्या (डिशच्या पुढे बसवलेल्या, उपग्रहाचे सिग्नल पकडणाऱ्या भागाच्या) केबलवर चौपदरी स्प्लिटर, म्हणजे एका केबलच्या चार शाखा करणारा जोड, लावण्याची सूचना मला पटत नाही. सेट टॉप बॉक्स त्याच केबलमधून एलएनबीला 13 किंवा 18 व्होल्ट पाठवतो आणि त्यावरून उभ्या किंवा आडव्या ध्रुवीकरणाचे (म्हणजे उभ्या किंवा आडव्या दिशेने कंप पावणाऱ्या लहरींचे) सिग्नल, एका वेळी एकाच प्रकारचे, निवडले जातात, त्यामुळे दोन बॉक्सची मागणी वेगळी झाली की 18 व्होल्टवाला जिंकतो आणि दुसऱ्या टीव्हीवरचे चित्र जाते. त्याऐवजी चार स्वतंत्र आउटपुटचा क्वाड एलएनबी घ्यावा आणि प्रत्येक बॉक्सला वेगळी केबल द्यावी. खर्च थोडा वाढतो, पण भांडण मिटते.

केबलच्या जोडांबद्दल येथे कोणीच लिहिलेले नाही. ठाण्यात आमच्या गच्चीवर ऐन श्रावणात चित्र फुटू लागले, तेव्हा सर्वांनी डिशची दिशा हलली असे धरले. प्रत्यक्षात एलएनबीजवळचा कनेक्टर उघडल्यावर आतली तांब्याची तार हिरवी पडलेली आणि तिच्याभोवतीची तारांची जाळी ओली निघाली. नवा कनेक्टर बसवून त्यावर रबरी टेप घट्ट गुंडाळली आणि पाणी खालीच ठिबकावे म्हणून केबलला जोडाच्या अलीकडे एक झोळ ठेवला. हे काम पावसाळ्याआधी, मे महिन्यातच उरकावे.